ऑक्टोबरमध्ये बँड सोडायचा का? टेक्सासमधल्या एका मराठी घराचं प्रकरण

हे प्रकरण डॅलसच्या उत्तरेकडच्या एका उपनगरातल्या मराठी कुटुंबाचं आहे. आईवडिलांनीच ते लिहायला सांगितलं. आमच्या मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर वसंतात तेच प्रश्न येतात: मुलगी आठवीत आहे, हायस्कूलला बँड घेऊ द्यावा का? वेळ किती जातो? खर्च किती? वर्गातली रँक खाली येते म्हणतात, ते खरं का? या घराने हे सगळे प्रश्न एकाच वर्षात भोगले. ओळख पटू नये म्हणून शाळेचं नाव आणि साल गाळलं आहे, काही तपशील बदलले आहेत. घटनांचा क्रम तोच ठेवला आहे, कारण या प्रकरणात क्रमालाच महत्त्व आहे.

पार्श्वभूमी

मुलगी सहावीपासून क्लॅरिनेट वाजवत होती. टेक्सासच्या बहुतेक मिडल स्कूलमध्ये बँडची सुरुवात सहावीत होते. तीन वर्षांत तिचा हात चांगला बसला होता. आठवीच्या वसंतात हायस्कूलच्या बँड डिरेक्टरांनी ऑडिशन घेतली, निवड झाली आणि घरात पेढे वाटले गेले. वडील मंडळाच्या ढोल-ताशा पथकाचे जुने कार्यकर्ते, मुलगीही गणपतीत ताशा वाजवायची. म्हणजे वाद्याला या घराचा विरोध कधीच नव्हता. पुढचं वाचताना हे ध्यानात असू द्या. जे झालं ते बँड नकोसा असलेल्या आईवडिलांच्या घरी झालेलं नाही.

मिडल स्कूलचा बँड आणि हायस्कूलचा बँड यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो आणि तो आधी कोणी नीट सांगत नाही. मिडल स्कूलमध्ये रोजचा एक तास, वर्षाला तीन-चार कार्यक्रम, बास. हायस्कूलचा बँड हा टाइमटेबलमधला मार्कांचा विषय असतो आणि त्याच वेळी तो मैदानावरचा संघही असतो. ऑगस्ट ते नोव्हेंबर मार्चिंग, म्हणजे मैदानावर आकृत्या करत चालता चालता वाजवणं, त्यानंतर मे अखेरपर्यंत कॉन्सर्ट बँड, म्हणजे बसून वाजवणं. शुक्रवारी संध्याकाळी शाळेच्या अमेरिकन फुटबॉल सामन्यात वादन, शनिवारी बँडची स्पर्धा. कार्यक्रमाला हजर राहणं हा ग्रेडचा भाग असतो, त्यामुळे "या शुक्रवारी आमच्याकडे पूजा आहे" म्हणून परस्पर दांडी मारता येत नाही. आधी लेखी कळवावं लागतं आणि परवानगी मिळेलच असं नसतं.

सरावाच्या वेळेला मात्र टेक्सासमध्ये लगाम आहे. शाळांच्या स्पर्धा यूआयएल, म्हणजे युनिव्हर्सिटी इंटरस्कोलॅस्टिक लीग, ही ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठाची संस्था चालवते. तिच्या नियमाप्रमाणे शाळेच्या आठवड्यात शाळेच्या वेळेबाहेर मार्चिंगचा सराव ८ तासांपेक्षा जास्त घेता येत नाही. पालकांना हा आकडा ऐकून हायसं वाटतं. पण सामने आणि स्पर्धा त्या ८ तासांत धरत नाहीत. शुक्रवारी दुपारी चारला शाळेत गेलेलं मूल रात्री अकरा-साडेअकराला बँड हॉलच्या दारात ट्रकमधून वाद्यं उतरवत असतं. शनिवारची स्पर्धा असली तर अख्खा दिवस जातो.

दोन गोष्टी जमेच्या बाजूला. हायस्कूल पूर्ण करायला टेक्सासमध्ये फाइन आर्ट्सचा एक क्रेडिट, म्हणजे वर्षभराच्या एका विषयाइतकं श्रेय, लागतो, तो बँडमधून मिळतो. पीईचाही, म्हणजे शारीरिक शिक्षणाचाही, एक क्रेडिट लागतो. मार्चिंगचा एक फॉल सीझन पुरा केला की बहुतेक डिस्ट्रिक्टमध्ये (शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थांत) त्यातला अर्धा भरतो, दोन सीझनांत पूर्ण. हा अर्धा-अर्धा हिशेब पुढे कामाला आला.

पहिला निर्णय: तिकिटं

या घराची भारताची तिकिटं जानेवारीत काढून झाली होती. दर उन्हाळ्याचा शिरस्ता: शाळा सुटली की जूनच्या पहिल्या आठवड्यात निघायचं, आई आणि मुलांनी ८ ऑगस्टला परतायचं. वडील रजेच्या हिशेबाने जुलैच्या मध्यालाच परत येणार होते. समर बँड, म्हणजे शाळा उघडण्याआधीचा मार्चिंगचा सराव, १ ऑगस्टला सुरू होणार हे त्यांना मेच्या शेवटी, युनिफॉर्मचं माप द्यायला गेल्यावर कळलं. वेळापत्रक फेब्रुवारीपासून शाळेच्या पानावर होतं. बँड नाइटला, म्हणजे पालकांच्या माहितीसभेला, त्याची छापील प्रतही दिली होती. त्या संध्याकाळी वडील कामात होते, आई धाकट्याला घेऊन पोहण्याच्या क्लासला गेली होती. मुलगी मैत्रिणीबरोबर गेली आणि कागद दप्तरात राहिला.

आता पर्याय तीन होते. सगळ्यांची तिकिटं बदलायची, त्याचा दंड भलताच होता. किंवा मुलीने जुलैत वडिलांबरोबर परत यायचं. किंवा आहे तसं जाऊ द्यायचं आणि उशिरा आल्याबद्दल डिरेक्टरांना कळवायचं. दुसरा पर्याय खिशालाही झेपणारा होता, पण आजोळी जेमतेम दीड महिना मिळणार आणि वडील दिवसभर ऑफिसला गेल्यावर ती घरी एकटी, म्हणून तो मागे पडला. तिसरा निवडला. ईमेल मुलीने नव्हे तर आईने केली, उत्तर सभ्य आलं: हरकत नाही, पण ती पर्यायी म्हणून सुरुवात करेल.

"पर्यायी" याचा अर्थ मैदानावर गेल्याशिवाय कळत नाही. मार्चिंगमध्ये प्रत्येक मुलाला प्रत्येक आकृतीसाठी स्वतःची जागा असते, तिला मुलं डॉट म्हणतात. गळ्यात दोरीने अडकवलेली एक छोटी वही असते, हल्ली काही शाळांत फोनवर ॲप. तिच्यात लिहिलेलं असतं: ४० यार्डांच्या रेषेच्या बाहेर ३ पावलं, पुढच्या हॅशच्या (मैदानावरच्या तुटक खुणांच्या ओळीच्या) मागे ४ पावलं. पाऊल म्हणजे ५ यार्डांत ८, एकेक साडेबावीस इंच. ढोल पथकात एक ढोल कमी आला तर आवाजात फार फरक पडत नाही, ओळ सरकवून घेतात. इथे एक मूल नसलं तर आकृतीला भोक पडतं आणि ते वरच्या पायरीवर बसलेल्या परीक्षकांना सगळ्यात आधी दिसतं. म्हणून जी मुलं पहिल्या दिवसापासून हजर असतात त्यांना डॉट मिळतात, बाकीची बाजूला उभी राहून शिकतात.

मुलगी ८ ऑगस्टला रात्री उतरली आणि ९ तारखेला सकाळी सातला गॅलनभर पाण्याचा जग घेऊन पार्किंग लॉटवर उभी राहिली. जेट लॅग आणि डोक्यावर ३८ अंशांचं ऊन. बाकीच्यांना पाऊल टाकायची, वळायची, श्वास धरायची पद्धत आठवडाभर शिकवून झाली होती. तिला ती सेक्शन लीडर (क्लॅरिनेटच्या गटाची प्रमुख) असलेल्या अकरावीतल्या मुलीने जेवणाच्या सुट्टीत शिकवली. इथे एक नोंद करावीशी वाटते: या बँडचं खरं बळ त्या मुलीसारख्या मुलांत असतं. कुणी न सांगता स्वतःचं सँडविच बाजूला ठेवून ती रोज अर्धा तास हिच्याबरोबर चालत होती. चांगल्या प्रोग्रामकडून पालकांनी काय अपेक्षा धरावी असं मला कोणी विचारलं, तर ट्रॉफीच्या कपाटाआधी मी हे बघायला सांगेन.

ऑगस्टच्या अखेरीला क्लॅरिनेटचा एक मुलगा दुसऱ्या गावी गेला आणि त्याचा डॉट हिला मिळाला. आनंद झाला, पण आता शोचे दोन भाग तिला एकदम पाठ करायचे होते.

पैसे आणि गणपती

हे दोन विषय घरात बरेच तापले, पण खरं सांगायचं तर त्यांच्यामुळे नुकसान झालं नाही. म्हणून थोडक्यात.

बूस्टर क्लबची, म्हणजे बँडसाठी पैसे उभे करणाऱ्या पालकांच्या संस्थेची, वर्षाची फी हजार डॉलरच्या आसपास होती, शिवाय बूट, हातमोजे, शर्ट. वडिलांचा प्रश्न रास्त होता: सरकारी शाळा, मग पैसे कसले? शाळा पगार देते, बँड हॉल देते, ट्यूबासारखी मोठी वाद्यं देते. ड्रिल (मैदानावरच्या आकृत्या) लिहिणारा, बाहेरून येणारे शिक्षक, ट्रक, जेवण हे बहुतेक ठिकाणी पालकांच्या पैशातून होतं. शाळा घेते ती फी जड जात असेल तर माफीची रीतसर सोय ठेवणं टेक्सासच्या शिक्षण कायद्याने डिस्ट्रिक्टवर बंधनकारक आहे. ती मागायला लाजू नये. आणि निधी गोळा करण्याबाबत एक गैरसमज आपल्या लोकांत फार आहे: "मी जास्त चॉकलेट विकली, माझ्या मुलीची फी कमी करा." करमुक्त बूस्टर क्लबला असं करता येत नाही. ज्याने जितकं गोळा केलं तितकं त्याच्याच मुलाच्या खात्यात घालणं अमेरिकेच्या आयकर खात्याला चालत नाही, त्यावरून क्लबचा करमुक्त दर्जा जाऊ शकतो.

याच फेऱ्यात त्यांनी लाकडी क्लॅरिनेट घेतलं, महागाचं. दुकानदाराने चांगलंच दिलं होतं, पण लाकडी क्लॅरिनेट मार्चिंगला नेत नाहीत. ऊन, पाऊस आणि नोव्हेंबरची थंडी लागली की लाकूड तडकतं. मैदानावर जुनं प्लास्टिकचंच चालतं. लाकडी खरं तर डिसेंबरनंतरच लागणार होतं. तोपर्यंत मूल बँडमध्ये राहणार की नाही तेही कळलेलं असतं.

गणपतीची मिरवणूक आणि सीझनमधली पहिली स्पर्धा एकाच शनिवारी आली. मुलीने स्वतःच ठरवलं: ताशा यंदा नाही. वडिलांना ते लागलं, पण ते काही बोलले नाहीत. त्या दिवशी आई स्पर्धेला आणि बाबा मिरवणुकीला गेले.

अडचण

सप्टेंबरच्या अखेरीला पहिला ग्रेडिंग पिरियड संपला. एपी (कॉलेजच्या पातळीचा वर्ग) ह्युमन जिऑग्राफीत ७१, भूमितीत ८४, इंग्लिशमध्ये ९०. बायॉलॉजीत ६७.

टेक्सासमध्ये १९८४ पासून "नो पास, नो प्ले" हा कायदा आहे. ७० च्या खाली एकाही विषयात गेलं की त्या मुलाला किमान तीन आठवडे स्पर्धेत किंवा सामन्यात भाग घेता येत नाही. ग्रेडिंग पिरियड संपल्यावर सात दिवसांनी बंदी लागू होते. तीन आठवड्यांनी सगळ्या विषयांत पास असेल तर ती उठते. सराव चालू ठेवता येतो. आणि गंमत अशी की एपीच्या वर्गांना या नियमातून सूट आहे. जिऑग्राफीत ती ६७ ला असती तर काही बिघडलं नसतं. साधा बायॉलॉजीचा वर्ग सवलतीच्या यादीत नव्हता.

बायॉलॉजी तिला येत नव्हती असं अजिबात नाही. टेस्टमध्ये ८० च्या पुढे मार्क होते. दोन लॅब रिपोर्ट दिलेच नव्हते, दोन शून्यं होती, आणि दोन्ही त्याच पंधरवड्यातली ज्यात ती दोन भागांचे डॉट पाठ करत होती. सगळ्या प्रकरणाची साखळी इथे उलगडते: जानेवारीतली तिकिटं, त्यामुळे उशीर, त्यामुळे डॉट उशिरा, त्यामुळे सप्टेंबरात दुप्पट काम, त्यामुळे दोन शून्यं. आईवडिलांना त्या रात्री फक्त शेवटची कडी दिसत होती: बँडमुळे मुलगी नापास झाली.

ऑनलाइन ग्रेडबुक रोज उघडून बघता येतं. आईच्या फोनवर ॲप होतं. पण आठवीपर्यंत कधी गरज पडली नव्हती, म्हणून ते उघडायची सवयच नव्हती. पहिल्या शून्याला तीन आठवडे झाले होते.

कोणते पर्याय होते

त्या रात्री जेवणाच्या टेबलावर जे चाललं ते आईने मला जसं सांगितलं तसं लिहिते.

वडिलांचं म्हणणं, बँड आत्ताच्या आत्ता बंद. त्यांच्या डोक्यात बायॉलॉजी कमी आणि रँक जास्त होती. टेक्सासमध्ये १९९७ च्या कायद्याने वर्गातल्या पहिल्या १० टक्के मुलांना सरकारी विद्यापीठांत आपोआप प्रवेश मिळतो, पण ऑस्टिनच्या विद्यापीठाला मर्यादा घालून दिली आहे. बरीच वर्षं तिथे पहिले ६ टक्के घेत होते, २०२६ च्या प्रवेशापासून ५ टक्के. मोठ्या शाळेत एकेका शतांशावरून नंबर खालीवर होतो. जिथे एपीच्या ए ग्रेडला ५ आणि साध्या वर्गाच्या ए ग्रेडला ४ गुण धरतात, तिथे सात एपी घेणाऱ्याची सरासरी ५ येते आणि सहा एपी व बँड घेणाऱ्याची ४.८६. बँडमध्ये शंभरपैकी शंभर मिळाले तरी सरासरी खाली येते. वडिलांची ही आकडेमोड चुकीची नव्हती आणि ती झटकून टाकणारे बँडप्रेमी पालक इतरांची दिशाभूल करतात असं माझं मत आहे.

आईने दोन गोष्टी विचारल्या. नववीत सात एपी कोण घेतं? आणि आपल्या डिस्ट्रिक्टमध्ये फाइन आर्ट्स रँकमध्ये धरतात का? काही डिस्ट्रिक्ट रँकसाठी फक्त मुख्य विषय मोजतात, काही ठिकाणी सक्तीचा क्रेडिट झाल्यावर पुढची वर्षं ग्रेडच्या हिशेबातून वगळून घ्यायची सोय असते. हे कोणालाच माहीत नव्हतं. एवढा मोठा निर्णय ज्या मुद्द्यावर उभा होता तो मुद्दाच कोणी तपासलेला नव्हता.

दुसरा पर्याय, बायॉलॉजीच्या शिक्षिकेला भेटून तीन मार्कांची विनंती करायची. एका ओळखीच्या पालकाने तसं सुचवलं होतं. आईने हे तिथल्या तिथे मोडून काढलं. शिक्षिका नाही म्हणणार हे एक, आणि हो म्हणाली तर मुलगी त्यातून काय शिकणार, हे दुसरं. या प्रकरणातला मला सगळ्यात जास्त पटलेला निर्णय हाच.

तिसरा, बँड ठेवायचा आणि दुसरं काहीतरी काढायचं. शनिवारी गणिताचा क्लास, रविवारी मराठी शाळा, बुधवारी भरतनाट्यम. यातलं काय?

चौथा पर्याय मुलीने मांडला, तोही उशिरा, सगळे गप्प झाल्यावर. "तीन आठवडे मी सराव करीन, स्टँडमध्ये बसेन. नोव्हेंबरला सीझन संपेल. मग तुम्ही म्हणाल तर सोडते. पण आत्ता सोडलं तर माझ्या जागी कोणी नाहीये, बाबा."

काय केलं

रात्री एक वाजता वडिलांनी ईमेल लिहिली. डिरेक्टरांना, प्रत प्रिन्सिपलना आणि मुलांच्या विषयांचं, टाइमटेबलचं बघणाऱ्या काउन्सेलरला. सराव जास्त होतो, मुलांच्या अभ्यासाचं तुम्हाला पडलेलं नाही, आम्ही तिला काढत आहोत. आईने थांब म्हटलं तोवर ती गेली होती.

दुसऱ्या दिवशी मुलीला काउन्सेलरने वर्गातून बोलावून घेतलं आणि आपण बँड सोडतोय हे तिला तिथे कळलं. घरातल्या त्या आठवड्याबद्दल आई अजून बोलताना अडखळते.

डिरेक्टरांनी ईमेलला उत्तर न देता भेटायला बोलावलं. प्रिन्सिपल आल्या नाहीत, काउन्सेलर आली. भेट बँड हॉलच्या काचेच्या छोट्या ऑफिसमध्ये झाली, बाहेर कोणी तरी ट्रॉम्बोनवर तीच एक ओळ घोकत होतं. डिरेक्टरांनी सरावाच्या तासांची नोंद पुढे ठेवली. कुठलाच आठवडा ८ तासांवर गेलेला नव्हता. त्यांनी हेही मान्य केलं की उशिरा डॉट मिळालेल्या मुलांवर सप्टेंबरात भार पडतो आणि अशा मुलांच्या ग्रेड त्यांनी वेगळ्या बघायला हव्या होत्या. वडिलांचा आवाज तिथे उतरला, असं आई म्हणते.

काउन्सेलरने तीन गोष्टी सांगितल्या. वर्ग बदलायची मुदत संपली आहे, आता बँड सोडला तर त्या तासाला कुठे तरी बसवावं लागेल. पीईचा अर्धा क्रेडिट जाईल आणि तो नंतर पीईच्या तासाने भरावा लागेल, म्हणजे टाइमटेबलमध्ये जो तास एपीसाठी मोकळा करायचा होता तोच अडकेल. आणि या डिस्ट्रिक्टमध्ये बँड रँकमध्ये धरतात, पण दहावीनंतर वगळून घेण्याचा अर्ज करता येतो. तिन्ही गोष्टी डिस्ट्रिक्टच्या कोर्स गाइडमध्ये छापलेल्या होत्या.

मग मुलीला आत बोलावलं. डिरेक्टरांनी तिला विचारलं, तुला काय करायचंय? तिने टेबलावर सांगितलेलंच परत सांगितलं.

ठरलं ते असं. डिसेंबरपर्यंत कोणताही निर्णय नाही. तीन आठवडे ती सगळ्या सरावांना येईल, तिचा डॉट स्पर्धेत पर्यायी मुलगी घेईल. मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी बायॉलॉजीच्या ट्युटोरियलला जाईल, त्या दिवशी सरावाला वीस मिनिटं उशिरा आलेलं चालेल. गणिताचा क्लास बंद. त्यात ती पुढेच होती आणि शनिवार मोकळा लागणार होता. मराठी शाळा ठेवली, कारण रविवारी बँड नसतो. भरतनाट्यमच्या ताईंना विचारलं, त्यांनी नोव्हेंबरपर्यंत सुट्टी दिली.

ग्रेडबुक रविवारी रात्री मुलगी स्वतः उघडेल आणि आईला दाखवेल. आईने चोरून बघायचं नाही. ही शेवटची अट मुलीची होती.

पुढे काय झालं

बंदीच्या तीन आठवड्यांत दोन सामने आणि यूआयएलची रीजन स्पर्धा झाली. रीजनला बँडला पहिली डिव्हिजन, म्हणजे सगळ्यात वरचा दर्जा, मिळाली, तिच्याशिवाय. ती आईशेजारी बसून बघत होती, आपल्या जागी चाललेल्या मुलीची पावलं तोंडाने मोजत. उतरल्यावर त्या मुलीला मिठी मारायला सगळ्यांत आधी तीच धावली.

बायॉलॉजीत तीन आठवड्यांनी ७९. बंदी उठली. त्यापुढच्या एरिया स्पर्धेला ती मैदानावर होती. स्टेटसाठी, म्हणजे सॅन अँटोनियोच्या अलामोडोममध्ये जाण्यासाठी, निवड झाली नाही, सीझन तिथेच संपला. सेमिस्टरअखेर बायॉलॉजी ८३.

डिसेंबरमध्ये ठरल्याप्रमाणे चौघे बसले. मुलीने लिहून आणलं होतं: नववी आणि दहावी पूर्ण करणार, म्हणजे दोन फॉल होतात, पीई आणि फाइन आर्ट्स दोन्ही संपतात. दहावीच्या शेवटी परत बोलू. वडिलांनी एकच अट घातली, उन्हाळ्यात भारतातून येताना ती त्यांच्याबरोबर जुलैत परत येईल. ती आली. दुसऱ्या वर्षी पहिल्या दिवशीच डॉट मिळाला आणि सप्टेंबरात एकही शून्य पडलं नाही.

वडील आता पिट क्रूमध्ये आहेत. मध्यंतराला मारिंबा आणि मोठे ड्रम ढकलत मैदानावर नेणाऱ्या पालकांत ते सगळ्यांच्या पुढे असतात. पथकाचा ट्रक भरायचा अनुभव तिथे उपयोगी पडला असं ते सांगतात. ज्या डिरेक्टरांना रात्री एकला ईमेल लिहिली होती त्यांच्याबरोबर आता पहाटे पाचला ट्रक भरतात. माझा अनुभव असा की स्वयंसेवक म्हणून दोन शनिवार घालवल्यावर पालकांचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात, कारण सराव कसा चालतो, मुलांना पाणी केव्हा देतात, कोणावर ओरडतात, कोणाला समजावतात हे डोळ्यांनी दिसतं.

काय वेगळं करता आलं असतं

तिकिटं हा मूळ मुद्दा. आठवीतल्या मुलाच्या पालकांनी जानेवारीत भारताची तिकिटं काढण्याआधी हायस्कूलच्या बँड डिरेक्टरांना एका ओळीची ईमेल करावी: समर बँड कोणत्या तारखेला सुरू होणार? पुढच्या वर्षाच्या तारखा बहुतेकांनी तोवर ठरवलेल्या असतात. पक्क्या नसल्या तरी अंदाज देतात. बँड नाइटला आईवडिलांपैकी एकाने जावंच.

बोलण्याचा क्रम उलटा झाला. शाळेत रीत अशी असते की आधी मूल स्वतः बोलतं, मग पालक त्या सेक्शनच्या असिस्टंट डिरेक्टरशी, मग मुख्य डिरेक्टरशी, आणि तिथे काहीच झालं नाही तर प्रिन्सिपल. आपल्याकडे हेडमास्तरांपर्यंत गेल्याशिवाय काम होत नाही अशी आपली समजूत असते. इथे एकदम वर गेलं की मधले सगळे सावध होतात आणि मूल मधल्या मध्ये सापडतं. नववीत जाणारी मुलगी उशिरा येण्याबद्दलची ईमेल स्वतः लिहू शकत होती. आईने लिहिली तिथपासूनच तिचं बोलणं घरातले करत गेले.

शाळेची बाजूही सांगायला हवी. उशिरा सामील झालेल्या मुलांकडे लक्ष ठेवायला प्रोग्रामकडे काही रीत नव्हती. पुढच्या वर्षीपासून तिथे दर दुसऱ्या आठवड्याला असिस्टंट डिरेक्टर सगळ्यांच्या ग्रेड बघतात आणि ७५ च्या खाली कोणी आलं की सेक्शनला कळवतात. पालकांनी अशी व्यवस्था आहे का ते आधीच विचारावं. तसंच विचारावं: ३८ अंशांत सराव केव्हा थांबवतात, पाण्याच्या सुट्ट्या किती, ड्रमलाइनच्या (ड्रम वाजवणाऱ्या) मुलांना कानात घालायचे प्लग देतात का. दिवसभरासाठी आवाजाची सुरक्षित मर्यादा ८५ डेसिबल धरतात आणि दर ३ डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मा होतो. चार भिंतींच्या आत ड्रमलाइन त्याच्या बरीच वर जाते. टेक्सासमध्ये मार्चिंगच्या मुलांना आता वैद्यकीय तपासणीचा फॉर्मही भरावा लागतो. दमा असेल तर तो तिथे लिहा, लपवू नका.

एक निर्णय मात्र कोणी चुकीचा म्हणेल, मी म्हणणार नाही: गणपतीचा शनिवार. काही नातेवाइकांनी "संस्कृती सुटली" असं बोलून दाखवलं. मुलगी तेरा-चौदा वर्षांची होती, दोन्हींपैकी कुठे आपल्यावाचून अडेल हे तिने बघितलं आणि तिकडे गेली. पथकातही आपण हेच शिकवतो.

आज

ती अकरावीत आहे. अकरावीसाठी वगळून घेण्याचा अर्ज काउन्सेलरकडे वेळेत दिला, त्यामुळे यंदाचा बँड रँकमध्ये धरत नाहीत. सेक्शन लीडरसाठी तिने अर्ज केला होता, निवड झाली नाही, दुसऱ्या मुलीची झाली. बारावीला मार्चिंग करायचं की फक्त स्प्रिंगमध्ये वाजवायचं यावर घरात दोन मतं आहेत. वडील या वेळी करू दे म्हणतात, मुलगीच साशंक आहे, कारण तिला कॉलेजचे निबंध लिहायला ऑक्टोबर मोकळा हवा आहे. डिरेक्टरांनी ठरवायला फेब्रुवारीपर्यंत मुदत दिली आहे, आणि त्यांना काय कळवायचं ते तीच कळवणार आहे.